पूर्णांक टाका, शेपूट मोजा

२००१ साली अधिक आश्विन आला होता. त्यानंतर अधिकमास आले २००४, २००७, २०१०, २०१२, २०१५, २०१८ आणि २०२० साली. मधली अंतरं बघा: ३, ३, ३, २, ३, ३, २. हा ठेका पंचांग न उघडता वहीच्या एका पानावर काढता येतो.

आपल्या पंचांगातल्या एका सौर वर्षात सुमारे १२.३६८७ चांद्रमास बसतात. बारा दरवर्षी खर्ची पडतात, ०.३६८७ उरतात. ते साठवत जायचं. पहिल्या वर्षी ०.३६८७, दुसऱ्या वर्षी ०.७३७४, तिसऱ्या वर्षी १.१०६१. एक पूर्ण झाला, हातचा आला, धोंड्याचा महिना लागला. जावयाच्या अनारशांची सोय झाली. बेरीज पुढे नेली की पूर्णांक बदलतो सहाव्या वर्षी (२.२१२२), नवव्या (३.३१८३), अकराव्या (४.०५५७), चौदाव्या (५.१६१८), सतराव्या (६.२६७९) आणि एकोणिसाव्या वर्षी (७.००५३). हे आकडे २००१मध्ये मिळवून पाहा, वरची यादी जशीच्या तशी येते.

खरा नियम याहून नाजूक आहे. ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत होत नाही तो अधिक, आणि त्यासाठी सूर्य-चंद्राची खरी, कमी-जास्त होणारी गती धरावी लागते. शिवाय २००१ साली शिल्लक शून्य होती हे मी सोयीसाठी धरलं आहे. तरी सरासरीच्या हिशेबाने एवढं जमतं, हे मला अजूनही गमतीचं वाटतं.

या हिशेबात सगळ्यांचं लक्ष हातच्याकडे असतं. आपण हातचा टाकून देणार आहोत आणि मागे उरलेल्या शेपटाकडे बघणार आहोत. ही शेपटं शून्य ते एकच्या पट्टीवर कुठे कुठे पडतात? सगळीकडे सारखी पसरतात, की एखाद्या कोपऱ्यात गर्दी करतात? लागणारं सामान म्हणजे वही, पेन्सिल, साधा कॅल्क्युलेटर आणि दहावीपर्यंतचं गणित. संगणक मुद्दाम शेवटी ठेवला आहे. त्याचं कारण तिथेच कळेल.

पायरी १: शेपूट नीट कापा

संख्येतून तिच्याइतका किंवा तिच्याहून लहान असलेला सर्वांत मोठा पूर्णांक वजा करा. उरतो तो अपूर्णांकी भाग. ५.७३चा ०.७३, ८चा शून्य. उत्तर नेहमी शून्य किंवा त्याहून जास्त, पण एकपेक्षा कमी.

नवखा माणूस फसतो तो ऋण संख्येत. −१.३चा अपूर्णांकी भाग ०.३ नाही, ०.७ आहे. कारण −१.३हून लहान सर्वांत मोठा पूर्णांक −२, आणि −१.३ वजा −२ म्हणजे ०.७. एक्सेलमध्ये हे काम ‘इंट’ बरोबर करतं, ‘ट्रंक’ करत नाही. ते नुसतं दशांशचिन्हापुढचं छाटून टाकतं.

डोळ्यांसमोर चित्र हवं असेल तर बांगडी घ्या. बांगडीचा परीघ बरोबर एक. एका लांब दोऱ्यावर सारख्या अंतराने गाठी मारा आणि दोरा बांगडीभोवती गुंडाळत जा. किती वेढे झाले ते विसरा. गाठ बांगडीवर कुठे टेकली ते बघा, तेच शेपूट. या चित्राचा मोठा फायदा असा की ०.९९ आणि ०.०१ हे पट्टीवर दोन टोकांना असले तरी बांगडीवर शेजारी आहेत, आणि या विषयात ते शेजारीच समजायचे.

पायरी २: पाच खण पाडा आणि मोजा

गाठींमधलं अंतर √२ घ्या, म्हणजे १.४१४२१३५६. पहिल्या दहा पटींची शेपटं अशी:

०.४१४२, ०.८२८४, ०.२४२६, ०.६५६९, ०.०७११, ०.४८५३, ०.८९९५, ०.३१३७, ०.७२७९, ०.१४२१

आता शून्य ते एकच्या पट्टीचे पाच सारखे खण करा: ०.२पर्यंत, ०.४पर्यंत, ०.६पर्यंत, ०.८पर्यंत आणि एकपर्यंत. प्रत्येक शेपटासाठी त्या खणात एक चिंचोका टाका. दहा झाल्यावर प्रत्येक खणात बरोबर दोन चिंचोके असतील.

खूश होऊन थांबू नका. पुढच्या दहा पटी स्वतः काढा. वीस झाल्यावर खणांत ३, ५, ४, ४, ४ असे चिंचोके यायला हवेत. वेगळं आलं तर सतरावी पट तपासा. तिचं शेपूट ०.०४१६ आहे, आणि दशांशचिन्हानंतरचं शून्य लिहायचं राहून ती ०.४१६ होऊन बसते. मी दोनदा चुकलो आहे तिथे.

मोजणी आली की व्याख्या सोपी जाते. क्रमिका समवितरित आहे म्हणजे काय? पट्टीवरचा कोणताही तुकडा निवडा, त्याची लांबी समजा ०.२. जसजशी जास्त पदं घ्याल तसतसा त्या तुकड्यात पडणाऱ्या शेपटांचा वाटा ०.२कडे जायला हवा. यातला ‘कोणताही’ हा शब्द महत्त्वाचा. पाच खणांत सारखी वाटणी झाली म्हणून पन्नास खणांत होईलच असं नाही.

आणखी एक भेद इथेच पक्का करा, पुढे उपयोगी पडेल. शेपटं प्रत्येक तुकड्यात कधी ना कधी पोचणं वेगळं, आणि प्रत्येक तुकड्यात योग्य प्रमाणात पोचणं वेगळं. गावातल्या प्रत्येक गल्लीत टँकर आला, याचा अर्थ प्रत्येक गल्लीला सारखं पाणी मिळालं असा होत नाही.

पायरी ३: आधी अपूर्णांकांनी खेळून पाहा

√२च्या जागी २२/७ घ्या. सातव्या पटीला शेपूट शून्य, आठव्यापासून पुन्हा तेच. बांगडीवर फक्त सात जागा, आणि करोडो पटी घेतल्या तरी आठवी जागा मिळणार नाही. कोणत्याही परिमेय संख्येची हीच गत: छेद जेवढा, तेवढ्याच जागा.

अपरिमेय संख्येला मात्र एकदा टेकलेल्या जागी पुन्हा टेकता येत नाही. दोन पटींची शेपटं समान निघाली तर त्यांची वजाबाकी पूर्णांक होईल, आणि मग ती संख्या दोन पूर्णांकांचा भागाकार ठरेल. म्हणजे जागा अनंत. बांगडीचे शंभर तुकडे केले आणि १०१ गाठी टेकवल्या, तर कोणत्या तरी एका तुकड्यात दोन गाठी येणारच. हेच कबुतरखान्याचं तत्त्व, डिरिक्लेने १८४२ साली या कामाला लावलेलं. त्या दोन गाठींमधल्या पटींचा फरक घ्या. तेवढ्या पटींची एक उडी तुम्हाला बांगडीवर शंभरांश भागापेक्षाही कमी सरकवते. तीच उडी पुन्हा पुन्हा मारली की मुंगीच्या पावलाने अख्खी बांगडी फिरून होते, कोणताही तुकडा सुटत नाही. क्रोनेकरने १८८४मध्ये याचं व्यापक रूप मांडलं.

ही झाली ‘प्रत्येक गल्लीत टँकर’ इथपर्यंतची गोष्ट. सारख्या पाण्याची सिद्धता १९०९-१०च्या सुमारास पिअर्स बोल, वाक्लाव सिएरपिन्स्की आणि हर्मन वाइल या तिघांनी स्वतंत्रपणे दिली. बोल या प्रश्नाकडे वळला तो ग्रहगतीच्या गणितातून, म्हणजे आपल्या अधिकमासाच्या शेजारच्याच घरातून.

पायरी ४: फटी मोजा

मला हा भाग सगळ्यांत आवडतो, आणि प्रास्ताविक लेखांत नेमका तोच गाळला जातो.

√२ची दहा शेपटं आणि शून्य असे अकरा बिंदू चढत्या क्रमाने लावा. बांगडीवर लागोपाठच्या बिंदूंमधल्या फटी मोजा. अकरा फटींमध्ये सहा आहेत ०.०७११च्या, चार ०.१००५च्या आणि एक ०.१७१६ची. एवढ्याच. फक्त तीन मापं, आणि सर्वांत मोठं माप हे बाकीच्या दोघांची बेरीज. आता अकरावी पट टाका, शेपूट ०.५५६३. ते नेमकं त्या एकुलत्या मोठ्या फटीत पडतं आणि तिचे ०.०७११ व ०.१००५ असे दोन तुकडे करतं. मोठी फट संपली, दोनच मापं उरली.

हा √२चा चमत्कार नाही. संख्या कोणतीही घ्या, पटी कितीही घ्या, फटींची मापं तीनपेक्षा जास्त कधीच होत नाहीत. हे अनुमान स्टाइनहाउसचं. १९५०च्या दशकाच्या शेवटी वेरा शोश, सुरान्यी आणि श्वियेर्चकोव्हस्की यांनी ते सिद्ध केलं. वहीवर स्वतः करून पाहिल्याशिवाय यावर विश्वास बसत नाही. निदान माझा बसला नव्हता.

यातून एक गैरसमज आपोआप गळून पडतो: ‘समवितरित म्हणजे यादृच्छिक’. चिठ्ठ्या उचलून टाकलेल्या बिंदूंच्या फटी अशा शिस्तीत कधीच येणार नाहीत. सुवर्ण गुणोत्तराच्या, म्हणजे १.६१८०३४च्या, पहिल्या दहा पटींची शेपटं घ्या:

०.६१८०, ०.२३६१, ०.८५४१, ०.४७२१, ०.०९०२, ०.७०८२, ०.३२६२, ०.९४४३, ०.५६२३, ०.१८०३

या वेळी दहा खण करा. प्रत्येक खणात एक, अगदी रांगेत बसवल्यासारखं. दहा शेपटं नशिबावर सोडली असती तर असं होण्याची शक्यता साधारण २,७५६त एक. नशीब गर्दी करतं, मोकळ्या जागा सोडतं. अपरिमेय पटी मात्र पंगतीतल्या वाढप्यासारख्या एकालाही सोडत नाहीत.

सूर्यफुलाला हे गणित शिकवावं लागत नाही. त्याच्या चकतीवरची प्रत्येक नवी कळी आधीच्या कळीपासून सुमारे १३७.५ अंश वळून येते. वर्तुळाचा ०.३८२ भाग, म्हणजे एक वजा ०.६१८. त्यामुळे बिया दाटीवाटीने पण न चेंगरता बसतात.

पायरी ५: ‘जवळचा अपूर्णांक’ शोधा

समवितरण ही शेवटी, अनंताकडे जाताना होणारी गोष्ट आहे. तुमच्या वहीत मात्र पन्नास किंवा पाचशे पदं असतात. तेवढ्यात शेपटं किती सारखी पसरतील हे एका प्रश्नावर ठरतं: ही संख्या एखाद्या छोट्या छेदाच्या अपूर्णांकाच्या किती जवळ आहे?

पाय (π) ही संख्या घ्या, ३.१४१५९२६५. अपरिमेय आहे, तेव्हा पटी समवितरित असणारच. पण सातव्या पटीचं शेपूट ०.९९११, म्हणजे बांगडीवर जवळपास सुरुवातीलाच परत, कारण २२/७ फार जवळ आहे. शंभर पटींचा आलेख काढलात तर सात पट्टे दिसतात. त्याहून बिकट प्रकरण ३५५/११३. पायची ११३वी पट ३५४.९९९९७ आहे. म्हणजे ११३ गाठी टेकल्यावर दोरा जवळजवळ जिथून निघाला तिथेच येतो, फक्त ०.००००३ मागे. पुढच्या ११३ गाठी आधीच्या गाठींना चिकटूनच बसतात. दोन जागांमधली रिकामी फट भरायला असे सुमारे २९३ फेरे लागतात, म्हणजे ३३ हजार पटी. पाच हजार पटी मोजून ‘पायच्या पटी सारख्या पसरत नाहीत’ असा निष्कर्ष काढणारा माणूस मोजण्यात चुकलेला नसतो, तो फक्त लवकर उठलेला असतो.

अधिकमासाकडे परत या. ०.३६८७च्या जवळ ७/१९ आहे, म्हणजे ०.३६८४. म्हणून एकोणीस वर्षांनी शेपूट जवळपास त्याच जागी येतं आणि बहुतेक वेळा तोच महिना पुन्हा अधिक होतो. २००१चा आश्विन २०२०ला आला, २००४चा श्रावण २०२३ला, २००७चा ज्येष्ठ २०२६ला. बांगडीच्या भाषेत ही पायच्या ११३सारखीच गोष्ट, छेद फक्त १९.

सुवर्ण गुणोत्तर या बाबतीत सगळ्यांत हट्टी. त्याच्या जवळ जाणारे अपूर्णांक आहेत, ५/३, ८/५, १३/८, २१/१३, पण छेदाच्या मानाने ते नेहमी दूर राहतात. म्हणून त्याची शेपटं पहिल्या दहातच एवढी शिस्तीत बसली.

करून पाहायची सवय अशी लावा: कोणतीही संख्या हाती आली की पहिल्या वीस-पंचवीस पटींपैकी कोणाचं शेपूट शून्याच्या किंवा एकच्या अगदी जवळ जातं ते शोधा. ज्या पटीला जातं, तेवढे पट्टे तुम्हाला आलेखात दिसणार.

पायरी ६: वाइलचे बाण

खण मोजत बसणं कधी ना कधी अपुरं पडतं, कारण तुकडे अनंत आहेत. हर्मन वाइलने १९१६च्या निबंधात यावर जी युक्ती दिली ती आजही या विषयाचं मुख्य हत्यार आहे. सूत्र न लिहिता सांगतो.

प्रत्येक शेपूट म्हणजे घड्याळाच्या काट्याची दिशा समजा. ०.२५ म्हणजे पाव फेरी, ०.५ म्हणजे अर्धी. त्या दिशेने एक सेंटिमीटरचा बाण काढा. पुढच्या शेपटाचा बाण पहिल्याच्या टोकापासून काढा. असे बाण जोडत गेलात की कागदावर एक वाट तयार होते. शेपटं सगळीकडे सारखी असतील तर बाण एकमेकांना खोडून काढतात आणि तुम्ही फार दूर जात नाही. शेपटं एका बाजूला झुकली असतील तर वाट त्या दिशेने निघून जाते.

√२च्या पटींसाठी काय होतं? प्रत्येक बाण आधीच्या बाणापासून तेवढ्याच कोनात वळलेला. एकसारखी पावलं, एकसारखं वळण. अशी वाट एका वर्तुळातच फिरत राहते. त्या वर्तुळाचा व्यास निघतो सुमारे १.०४ सेंटिमीटर. लाख बाण जोडा, कोटी जोडा, तुम्ही सुरुवातीपासून १.०४ सेंटिमीटरच्या पुढे जाणार नाही. सरासरी शून्याकडे.

मात्र एवढ्यावर भागत नाही. समजा सगळी शेपटं फक्त ० आणि ०.५ याच जागी आळीपाळीने पडतात. बाण एक वर, एक खाली, बेरीज शून्य, आणि तरी वितरण भिकार. म्हणून वाइल म्हणतो, प्रत्येक शेपटाची दुप्पट करून पुन्हा बाण काढा, मग तिप्पट, चौपट, प्रत्येक पूर्ण पटीसाठी. वरच्या लबाडीत दुपटीचे सगळे बाण एकाच दिशेला जातात आणि चोरी पकडली जाते. प्रत्येक पटीसाठी बाणांच्या बेरजेची सरासरी शून्याकडे जात असेल तर क्रमिका समवितरित, आणि उलटही खरं. पायसाठी ११३ पटीचे बाण काढलेत तर वर्तुळाचा व्यास साडेदहा हजार सेंटिमीटरच्या पुढे जातो, म्हणजे शंभर मीटरहून मोठं मैदान. मागच्या पायरीतली रेंगाळ इथे अशी दिसते.

पायरी ७: आता पटी सोडा, दुसऱ्या क्रमिका घ्या

वर्ग: √२ला १, ४, ९, १६, २५ अशा वर्गांनी गुणा. पहिली दहा शेपटं पाच खणांत ०, २, ४, ३, १ अशी पडतात. पहिला खण रिकामाच. घाबरू नका, वाइलने हेही समवितरित असल्याचं दाखवलं आहे, फक्त दहा पदांत ते दिसत नाही. मर्म असं की लागोपाठच्या दोन वर्गांची वजाबाकी केली की साध्या पटी उरतात, आणि पटींचं आपल्याला माहीत आहे.

वर्गमुळं: १, २, ३, ४... यांची वर्गमुळं घ्या. १ ते ९९पैकी ५४ शेपटं ०.५च्या आत, ४५ बाहेर. १ ते ९,९९९ घेतलीत तर ५,०४९ आत. हळूहळू निम्म्यावर येतं, समवितरित आहे.

लॉगॅरिदम: इथे गाडी घसरते. १० पायाचा लॉग घ्या, म्हणजे १०चा कितवा घात घेतला की ती संख्या येते तो आकडा. लॉगचं शेपूट ०.३०१०३पेक्षा (हा २चा लॉग) कमी असणं म्हणजे मूळ संख्या १ या अंकाने सुरू होणं. १ ते ९९९मध्ये अशा संख्या १११, म्हणजे ११.१ टक्के. १ ते १,९९९मध्ये १,१११, म्हणजे ५५.६ टक्के. पुढे ९,९९९ला पुन्हा ११.१. हा वाटा कायम झोके घेत राहतो, कुठेच स्थिरावत नाही. शेपटं प्रत्येक तुकड्यात पोचतात, पण प्रमाणात नाहीत. टँकर येतो, पाणी सारखं मिळत नाही. कारण लॉग फार सावकाश वाढतो, एकेका भागात मुक्काम ठोकून बसतो.

दोनचे घात: हाच लॉग २, ४, ८, १६... यांना लावला की चित्र पालटतं, कारण आता शेपटं ०.३०१०३च्या साध्या पटींची आहेत आणि ही संख्या अपरिमेय आहे. म्हणून दोनच्या घातांपैकी ३०.१ टक्के १ने सुरू होतात. बुद्धिबळाच्या पटावर गव्हाचे दाणे दुप्पट करत जाण्याची गोष्ट आठवा: चौसष्ट घरं, १पासून ९२२३३७२०३६८५४७७५८०८पर्यंत. शेवटची संख्या एकोणीस अंकी, आणि प्रत्येक अंकसंख्येची १ने सुरू होणारी नेमकी एकच संख्या असते. म्हणजे ६४ घरांत १९. सायमन न्यूकॉम्बने १८८१मध्ये आणि फ्रँक बेनफर्डने १९३८मध्ये टिपलेला पहिल्या अंकाचा नियम तो हाच.

पण ७ने सुरू होणारा पहिला घात सेहेचाळिसावा आहे आणि ९ने सुरू होणारा त्रेपन्नावा. त्याआधी ८ मात्र पाचदा येऊन जातो: ३, १३, २३, ३३ आणि ४३व्या घाताला. कारण पुन्हा जवळचा अपूर्णांक. ०.३०१०३च्या जवळ ३/१० आहे, म्हणून दर दहा पायऱ्यांनी शेपूट फक्त ०.०१०३ सरकतं. एक केबी (किलोबाइट) म्हणजे १,००० बाइट की दोनचा दहावा घात १,०२४, हा जुना वाद याच फटीतला.

सुवर्ण गुणोत्तराचे घात: पटींत जे एवढं शहाणं होतं, ते घातांत पार बिघडतं. सातवा घात २९.०३४, आठवा ४६.९७९, नववा ७६.०१३, दहावा १२२.९९२. शेपटं शून्याला आणि एकला चिकटत जातात, मधली बांगडी ओस. कारण या घातात −०.६१८चा तोच घात मिळवला की बरोबर पूर्णांक येतो, आणि तो मिळवायचा तुकडा दिवसेंदिवस बारीक होत जातो. अशा स्वभावाच्या संख्यांना पिसो-विजयराघवन संख्या म्हणतात. तिरुक्कण्णपुरम विजयराघवन ऑक्सफर्डला हार्डींकडे शिकले आणि पुढे मद्रासच्या रामानुजन इन्स्टिट्यूटचे पहिले संचालक झाले.

दीडचे घात: १.५, २.२५, ३.३७५, ५.०६२५, ७.५९३७५... इथे सगळे हात टेकतात. कॉक्समाने १९३५मध्ये सिद्ध केलं की एकपेक्षा मोठ्या जवळजवळ सर्व संख्यांचे घात समवितरित असतात. पण ३/२ त्या ‘जवळजवळ सर्व’मध्ये आहे का, हे आजपर्यंत कोणालाही ठरवता आलेलं नाही. ही शेपटं अनंत वेगवेगळ्या जागांभोवती घोटाळतात, एवढं विजयराघवन यांनी १९४०मध्ये दाखवलं. माहलरने १९६८ साली विचारलेला प्रश्नही उघडाच आहे: अशी एखादी धन संख्या आहे का, जिला दीडने कितीही वेळा गुणलं तरी शेपूट कायम अर्ध्याच्या आत राहील?

पायरी ८: संगणक, पण डोळे उघडे ठेवून

आतापर्यंत संगणक लांब ठेवला, कारण तो शेपटांच्या बाबतीत गुपचूप खोटं बोलतो. नेहमीच्या पद्धतीने साठवलेल्या दशांश संख्येत जेमतेम पंधरा-सोळा अंक मावतात. संख्या मोठी झाली की ते अंक पूर्णांकातच खर्च होतात, शेपटाला काही उरत नाही.

एक प्रयोग करा. ०.१ घ्या, दुप्पट करा, पूर्णांक टाका, पुन्हा दुप्पट करा. खरं उत्तर पहिलीतल्या मुलालाही सांगता येईल: ०.२, ०.४, ०.८, ०.६, मग पुन्हा ०.२. पायथॉन या संगणकाच्या भाषेत हेच चालवलंत तर पंचावन्नाव्या पायरीच्या सुमारास उत्तर शून्य होतं आणि शून्यच राहतं. ०.१ संगणकाच्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ हे अंक वापरून, नेमका लिहिता येत नाही. साठवलेले ५३ बिट एकेक करून डावीकडे सरकून बाहेर पडतात आणि पेटी रिकामी होते. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा प्रोग्राम तीनदा तपासला होता. चूक प्रोग्राममध्ये नव्हतीच.

साध्या पटींसाठी, लाखभर पदांपर्यंत, संगणक बिनधास्त वापरा. वर्ग घेताना जपून. ९००७१९९२५४७४०९९२, म्हणजे ९ने सुरू होणारा तो त्रेपन्नावा घात, ओलांडला की अशा साठवणीत पुढचे विषम पूर्णांकसुद्धा मावत नाहीत, मग शेपटाची काय कथा.

घातांसाठी दशांशाला हातच लावू नका. दीडचा आठवा घात हवा असेल तर ३चा आठवा घात ६,५६१ घ्या, २चा आठवा घात २५६ घ्या, भागाकारातला २५ सोडून द्या आणि बाकी १६१ ठेवा. १६१ला २५६ने भागा, ०.६२८९०६२५. पायथॉनला पूर्णांक कितीही लांब चालतात, तेव्हा याच रीतीने हजाराव्या घाताचं शेपूटही बिनचूक मिळतं. अशी हजार शेपटं काढा आणि दहा खणांत टाका.